रविवारची मोजणी

रविवारी रात्री बाहेर मालिका सुरू झाली
की मी बाथरूमची कडी लावतो
आणि डोक्यावरून डोकं काढतो.

कडेची टेप आधी भिजवायची. घाई नाही.
"ओढाल तर जाळी फाटेल,
फाटली तर माझ्याकडे रडत येऊ नका,"
रेजिनाबाई बजावतात.
क्वार्टर गेटजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
चष्म्यावर आणखी एक चष्मा चढवून
त्या आकड्याच्या सुईनं एकेक केस गाठ मारून बसवतात.
मूळ नाही तिथे गाठच मूळ, म्हणतात.

उंड्रीला टँकरचं पाणी.
तोटीवर पांढरा खर, बादलीच्या काठाला खर,
तोच गाठींत बसतो आणि केस ठिसूळ होतात.
म्हणून मी फिल्टरचं पाणी आणतो, तीन लिटर, चोरून.
"प्यायचं पाणी जातं कुठे या घरात?"
उज्ज्वला ओटा पुसता पुसता विचारते,
उत्तराची वाट न बघता.

चोळायचं नाही. पिळायचं नाही.
वरून खाली, एकाच दिशेनं पाणी सोडायचं,
तापलेल्या पोराच्या कपाळावर सोडतात तसं.
कंडिशनर फक्त टोकांना.
गाठ फार मऊ झाली की सुटते.
हे मला लग्नाच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर...
जाऊ दे.

मग टॉवेलवर नुसतं टिपून
भगरीच्या रिकाम्या डब्यावर बसवायचं.
ऊन नाही, पंख्याचा वारा नाही.
मोठ्या दातांचा कंगवा, आधी टोकं, मग मध्य,
गाठींपाशी सगळ्यात शेवटी, श्वास रोखून.

त्यानंतर मोजणी.

एकतीस वर्षं सहकारी बँकेच्या काउंटरवर काढली,
बोट ओलं केल्याशिवाय मला काही मोजता येत नाही.
पांढऱ्या टाइलवर केस एकेक चिकटवतो.
मागच्या रविवारी सहा. त्याआधी अकरा,
तेव्हा भाच्याच्या वरातीत नाचलो होतो.
वहीत तारखेसह नोंद आहे.
हे असं खातं, ज्यात भरणा होतच नाही,
फक्त काढणं.

सोमवारी मी हेल्मेट घालतो.
ज्या शहरात हेल्मेटविरुद्ध मोर्चे निघतात
तिथे सिग्नलला मी एकटाच शहाणा दिसतो.
कोंढव्याच्या चौकात हवालदारानं एकदा पाठ थोपटली.
त्याला काय सांगणार,
मी कवटी नाही, गाठी सांभाळतोय,
आत जुन्या नारायणपेठीचा तुकडा आहे, घासू नये म्हणून.
उज्ज्वलानं शिवलाय. न विचारता.

आज मोजले.
सात. आठ. नऊ.
आणि दहावा:
हातभर लांब, टोकाकडे मेंदीचा तांबूस, वर पांढरा,
जाळीच्या आतल्या बाजूला,
जिथे फक्त माझं कपाळ टेकतं.

पुन्हा मोजले. दहाच.

रात्री हे डब्यावर असतं
आणि मी कानटोपी घालून झोपलेला असतो.
म्हणजे कधीतरी, ट्यूब न लावता,
रस्त्यावरच्या उजेडात, आरशासमोर...
तिचा भांग अलीकडे रुंद झालाय.
हे मला आत्ता, टाइलकडे बघताना कळलं.
समोर बसून रोज दोन वेळा जेवतो आम्ही.

कॅशमध्ये तूट आली तर खिशातून भरून मोकळं होता येतं.
जास्त निघाली की खरा घाम फुटतो:
कुणाची? कुणाला कमी गेली?
नियम असा, की वरिष्ठांना ताबडतोब कळवावं.

वरिष्ठ बाहेर मालिका बघतायत.
मी केस होता तिथे परत लावला.
वहीत लिहिलं, नऊ.
आणि मोठ्या दातांचा कंगवा
माझ्या कुलपाच्या कप्प्यातून काढून
आरशाखाली ठेवला,
अंधारात तिच्या हाताला लागेल असा.